आत्याच्या वाट्याची काळी गाडी

आमच्या घराण्यात आजवर कुणी काही चमकवलेलं नाही. आजोबा कचेरीत शिक्के मारत निवृत्त झाले, बाबा अजून मारतायत, आणि मी शिक्का मारून घ्यायला रांगेत उभा असतो. चमकवलं ते एकट्या आत्याने. तेही दुसऱ्यांच्या गाड्या.

आत्या गाड्यांना पॉलिश करायच्या दुकानात कामाला आहे. दुकान म्हणजे लांबडी शेड, कायम ओली फरशी आणि खुंट्यांना टांगलेली मशिनं. मालक आणि मुख्य कारागीर एकच, उस्ताद. शब्द मोजून देणार, टोमणे मात्र मापाबाहेर. त्यांचा नियम असा, की काळ्या गाडीला हात फक्त त्यांचा. आत्याच्या वाट्याला वर्षानुवर्षं पांढऱ्याच आल्या, इतक्या की उस्ताद तिला 'पांढरीवाली' म्हणूनच हाक मारायचे.

"पांढरा रंग म्हणजे आई," ते सांगायचे. "सगळं पोटात घालते. काळा म्हणजे सासू. एवढंसं चुकलं की चारचौघांत काढून दाखवते."

काय काढून दाखवते? जाळं. मळक्या फडक्याने घाईघाईत पुसलेल्या गाडीवर केसाहून बारीक ओरखडे उठतात. सावलीत गाडी अगदी शहाण्यासारखी उभी असते. उन्हात नेली, की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल, थेट कोळ्याचं जाळं.

आत्याला काळी हवी होती. तोंडाने ती बोलली नाही कधी, पण भंगारातून काळ्या गाडीच्या डिकीचं झाकण उचलून आणलं आणि गच्चीवर ठेवलं. सुट्टीच्या दिवशी त्या डिकीवर स्वतःच ओरखडे पाडायचे आणि स्वतःच काढायचे. "लोकांच्या गच्चीवर कुंड्या असतात," आजोबा कुरकुरायचे, "आमच्या गच्चीवर डिकी. पाणी घालू का हिला?"

मग उस्तादांचा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना, आणि नेमकी दातांच्या डॉक्टरीणबाईंची काळी गाडी आली, नखशिखांत जाळ्यात. उस्तादांनी शेडभर नजर फिरवली. "पांढरीवाली, घे. पण बिघडवलीस तर जन्मभर पांढऱ्या."

शेजारच्या मशीनवरचा मिशा, म्हणजे मिशांमागे उभा असणारा कारागीर, हळूच म्हणाला, "ताई, तेलकट पॉलिश चोपडा. ओरखडे बुजतात. दोन धुण्यांनंतरचं पुढे बघू."

"मग मी डिकी कशाला घासत बसले?" आत्या म्हणाली.

तिने बांगड्या, अंगठी, घड्याळ सगळं काढून ठेवलं. गाडी धुतली, कडांना चिकटपट्टी लावली. स्पंजाच्या पॅडवर कंपाउंडचे, म्हणजे ओरखडे घासून काढणाऱ्या लेपाचे, दोन-चार ठिपके घेतले आणि गाडीचा रुमालाएवढा तुकडा धरून मशीन सावकाश फिरवलं. दाबायचं नाही. मशीनचं वजन मशीनला पुरतं, असं ती म्हणते. तुकडा झाला की मऊ कापडाने टिपायचा, टॉर्च तिरका धरून बघायचं, मगच पुढचा. सगळीकडून झालं तेव्हा मऊ पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन पुन्हा पहिल्यापासून. शेवटी साबणाने धुऊन गाडी उन्हात काढली. काही बुजवलं असतं, तर इथेच उघडं पडलं असतं.

बॉनेटमध्ये सूर्य उतरला होता. एकटा, वाटोळा, आजूबाजूला एक धागा नाही. उस्ताद उकिडवे बसून बघत राहिले. मग म्हणाले, "हं."

त्या शेडमध्ये 'हं' म्हणजे सुवर्णपदक. आत्याने घरी फोन केला आणि मी आजोबांना स्कूटरवर घालून नेलं.

आजोबा गाडीभोवती फिरले. लेकीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, डोळे भरून आले. तेवढ्यात त्यांना बॉनेटवर धुळीचा कण दिसला. खिशातून रुमाल निघाला (याच रुमालाने त्यांनी नुकतीच माझ्या स्कूटरची सीट पुसली होती) आणि लेकीच्या कर्तृत्वावरून प्रेमाने गरागरा फिरला.

"घे! आता बघ!"

सगळ्यांनी बघितलं. पंजाएवढं ताजं जाळं.

आणि फाटकातून डॉक्टरीणबाई आत येत होत्या.

"ताई, सावलीत घ्या गाडी," मिशा कुजबुजला. "काही दिसत नाही."

आत्याने उस्तादांकडे बघितलं. ती सरळ डॉक्टरीणबाईंसमोर गेली. "मॅडम, गाडी लगेच मिळणार नाही. आमच्याच माणसाच्या हातून बॉनेटवर ओरखडे आलेत."

"कुठे? मला तर काहीच दिसत नाही."

"इकडून, उन्हाच्या बाजूने बघा."

"अगं बाई, हो की!" त्या हसल्या. "न दिसणारी कीड मीही लोकांना रोज दाखवते, आणि लोक माझ्यावरच चिडतात. करा तुम्ही, मी बसते."

आत्याने पुन्हा बांगड्या उतरवल्या. आजोबा रुमालासकट एवढेसे झाले होते. टॉर्च धरायला मिशा पुढे सरकला, तर उस्तादांनी चांगल्या हाताने तो काढून घेतला आणि स्वतः धरला, ती म्हणेल त्या कोनात. "थोडा खाली, उस्ताद." उस्ताद खाली. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

काम झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी ओरखडे शोधले नाहीत. वाकून बॉनेटमध्ये बघत केस नीट केले आणि गाडी घेऊन गेल्या.

त्या फाटकाबाहेर पडतायत तोच दुसरी काळी गाडी आत आली. मिशाने सवयीने हाळी दिली, "उस्ताद, काळी आलीय!"

उस्ताद खांदा चोळत, आत्याकडे बघत म्हणाले, "मग मला काय सांगतोस? बाईंना सांग."

आत्या फडकं पिळत होती. ती जरा जास्तच वेळ पिळत राहिली.

आजोबा आता कुठल्याही गाडीजवळ गेले की दोन्ही हात पाठीमागे बांधतात. पण रस्त्यात काळी गाडी उभी दिसली, की वाकडी वाट करून उन्हाच्या बाजूला जातात, वाकून निरखतात आणि मालक भेटेपर्यंत हलत नाहीत.

"जाळं आहे हो," ते त्याला गंभीरपणे सांगतात. "माझ्या लेकीकडे न्या."