पहिल्या हाकेची ओ

सत्यवतीला कुणीही हाक मारावी, ती पहिल्याच हाकेला ओ देते. पायरीखालून पाववाला पोदेर असो, नाहीतर वाट चुकलेला परका माणूस. हातातली कोयती तशीच ठेवून ती उठते. शेजारची कमलाक्षी तिला चिडवते, "सतू, आता कावळ्याकय ओ दी!"

"बोलावल्यान तर देतंय," सत्यवती म्हणते. "तुझ्यासारखी तोंडार हात धरून बसाची नाय."

मग कमलाक्षी चिडवणं सोडून आपल्या कामाला लागते. कारण त्या दिवशी तोंडावर हात धरून सगळी वाडीच बसली होती, आणि सत्यवतीही.

पाळी गावाच्या मागे जो डोंगर उभा आहे, त्याच्या कुशीत ही वाडी आहे. घरं थोडी, काजू भरपूर, आणि माथ्यावर खाण. या डोंगरपट्ट्यात तिन्हीसांज झाली की बाहेरून आलेल्या पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर तो तीनदा हाक मारील. जे माणूस नाही ते एकदाच मारतं, आणि ओ दिली की त्या ओच्या दोरीने माणसाला ओढून नेतं. पोराला बोलता यायच्या आधी ही गोष्ट शिकवली जाते.

सत्यवतीने आपल्या मुलाला, कृष्णनाथला, ती शिकवली होती. गोवा सुटला त्या साली तो जन्मला, आणि चालायला लागायच्या आत त्याचा बाप तापाने गेला. दीर धाकूच्या आधाराने तिने त्याला वाढवलं. मोठा झाल्यावर तो खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसणाऱ्या पंपावर लागला. कामावरून येताना खाणीतून काढून टाकलेल्या मातीचा जो प्रचंड ढीग होता, त्याच्या पायथ्याच्या वाटेने तो घरी यायचा.

श्रावणातली गोष्ट. आठवडाभर पाऊस मागे हटला नव्हता. दिवेलागणीला सत्यवती तुळशीपुढे वात लावत होती, तेवढ्यात डोंगरावरून हाक आली.

"आयेऽऽ!"

आवाज कृष्णनाथचा. शेवटचं अक्षर लांबवायची खोडही त्याचीच. तिच्या ओठांवर ओ आली होती. तिने हात तोंडावर दाबला आणि दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. दुसरी आलीच नाही. आला तो एक जड, ओला आवाज, जणू डोंगराने कूस बदलली. मातीचा ढीग वाटेवर उतरला होता.

खाणीवाल्यांनी यंत्र लावून माती उपसली. जेवढी उपसली तेवढी पावसाने पुन्हा आणून टाकली. शेवटी यंत्र परत गेलं. भटजी म्हणाले, देह मिळाला नाही तरी पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया करता येते. सत्यवती म्हणाली, "पानांक मी जल्म दिलंय नाय."

क्रिया झाली नाही. आणि मग हाक येऊ लागली.

रोज दिवेलागणीला, एकदाच. "आयेऽऽ!" सगळ्या वाडीला ऐकू यायची. कुत्री पायरीखाली शिरायची. दुभती गाय दूध चोरायची. लोक दारं लावून घ्यायचे, आणि आत कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. सत्यवती मात्र दार उघडं टाकून उंबऱ्यावर बसायची. कित्येक सांजा ती नुसती ऐकत राहिली. एके सांजेला तिने सरळ उठून अंगणात जाऊन, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी ओ दिली.

"ओऽऽ!"

डोंगर एकदम मुका झाला. पावसाचाही आवाज थांबल्यासारखा झाला.

सकाळी तिच्या अंगणात तांबड्या मातीच्या पावलांचे ठसे होते. वाटेवरून आलेले, ओसरी चढलेले, थेट चुलीपर्यंत गेलेले. परत गेलेला एकही नव्हता. चुलीतली राख भिजून थंड पडली होती, जणू कुणी ओलं माणूस तिथे रात्रभर ऊब शोधत बसलं होतं.

वाडी तिच्या अंगणात जमली. बाबली घाडी पुढे झाला. भुताखेताचा बंदोबस्त पिढ्यान् पिढ्या त्याच्या घराकडे होता.

"बाये, तो तुझो झील नाय," तो म्हणाला. "झिलाचो आवाज पांघरून दुसराच कायतरी इला हा. तू ओ देवन त्येका वाडीत हाडलंस."

"झिलाचो नाय, तर चुलीकडे कशाक गेला? माका न्हेवक मी निजलंय त्या खोलीत येवचा होता."

"ह्या वादाक उत्तर नाय. आज दिवे लागताना शिवेवरच्या सातविणीच्या झाडात खिळो मारतंय. मगे डोंगरावरचा काय एक खाली येवचा नाय."

"आणि डोंगरावर माणूस असला तर?"

बाबलीने नजर चुकवली. "खिळो माणूस-भूत बघना नाय. भायर रवलो तो भायर."

सत्यवतीने वाद घातला नाही. तिने पेज केली, जेवली, लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, आणि ऊन उतरताना कुदळ खांद्यावर टाकून निघाली. धाकू आडवा आला.

"वैनी, खंय चललंस? भाव गेलो, पुतयो गेलो. आता तू?"

"तो नसलो तर न्हेयत माका. असलो तर मी त्येका हाडीन. दोनातला एक आज होवचाच."

"मी येवचंय नाय हां. सांगून ठेवतंय."

"मी बोलयलंय खंय तुका?"

सातवीण मागे टाकून ती मातीच्या ढिगाशी पोचली. तांबड्या चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. उजेड काजूच्या शेंड्यांवरून सरला आणि हाक आली, अगदी जवळून.

"आयेऽऽ!"

"ओ!"

तो आवाज विझला. लगेच खाणीच्या पाण्यातून दुसरा आला. "आयेऽऽ!" मग झुडपातून. मग तिच्या कानाशी, गार श्वासासकट. सगळे कृष्णनाथचे आवाज. या डोंगराने आजवर किती माणसं ठेवून घेतली असतील कोण जाणे, आणि ती सगळी जणू एकाच आवाजात आई मागत होती. सत्यवती प्रत्येकाला ओ देत गेली. "ओ! ओ बाबा! ओ!" ओ मिळाली की तो तो आवाज विझून जायचा. कुणाला तेवढीच हवी असावी. कुणाकडे त्या हाकेपुढे बोलायला काही नसावं.

एक मात्र विझला नाही. ओ मिळाल्यावर तो मातीच्या आतून, दमलेल्या माणसासारखा म्हणाला, "आये, हय."

हय. इथे.

तिने कुदळ मारली. खालून सातविणीकडून हातोड्याचा पहिला ठोका ऐकू आला. तिने खणणं थांबवलं नाही. आणि मग हातोडा थांबला, कारण धाकू ओरडत होता, "बाबली, थांब! वैनी भायर हा. मीय जातंय. मार खिळो, हिंमत आसा तर!"

धाकू कंदील आणि फावडं घेऊन धापा टाकत आला. दोघांनी मिळून खणलं. यंत्राने जिथे शोधलं होतं त्याच्या पुष्कळ वर, काजूच्या मुळांना धरून कृष्णनाथ होता. माती कोसळत असतानाही तो चढत राहिला होता. उजवा हात तोंडापाशी होता, लांबवर हाक मारताना धरतात तसा.

सत्यवतीने तो हात आपल्या हातांत घेतला. "तेव्हा दिलंय नाय," ती म्हणाली. "आता दिलंय. चल घरी."

शिवेवर बाबली हातोडा खाली टाकून उभा होता. प्रेताच्या एका टोकाला त्याने आपणहून खांदा दिला. दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी अग्नी दिला, आणि त्या सांजेला वाडीने कान लावले. हाक आली नाही.

सातविणीतला तो अर्धा ठोकलेला खिळा अजून तसाच आहे. झाडाने साल चढवून त्याला जवळजवळ गिळलाय. बाबलीने तो पुरा ठोकला नाही, काढलाही नाही. आणि त्या एका वाडीत, साऱ्या डोंगरपट्ट्याची रीत मोडून, तिन्हीसांजेच्या पहिल्या हाकेला लोक ओ देतात. शेजारच्या वाड्या त्यांना वेडे म्हणतात. कमलाक्षी अजून थोडी घाबरते. हाक आली की ती आधी सत्यवतीच्या घराकडे बघते, तिथून ओ गेली की मग आपली देते.