चार तासांनंतरचं पोट

पडदा वर जातो. हिंगणघाटातलं एक अंगण. उजवीकडे पेटती चूल, मधोमध पाटावर आनंदाबाई, आणि डावीकडून सायकल ढकलत, चेहरा उतरलेला शेजारचा विवेक प्रवेश करतो.

"ओकलास?" आनंदाबाईने विचारलं.

"सगळं बाहेर आलं आजी. चार तास झाले का पोट काहीच घेऊन नाई राह्यलं."

विवेक शाळेत गणित शिकवतो. तीन महिन्यांनी त्याची शर्यत होती: आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एकाच दिवशी, लागोपाठ. मागच्या वर्षी पाकिटातलं गोड, चिकट खाणं पोटात ठरलं नाही आणि त्याची शर्यत सायकलवरच संपली. यंदा नाव द्यायची मुदत सोमवारपर्यंत. तोवर पोट वठणीवर आलं नाही, तर नाव द्यायचंच नाही, असं त्याने ठरवलं होतं.

आनंदाबाईने तीस वर्षं जिनिंगमध्ये, सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यावर कापूस टाकला. यंत्र थांबत नसे. मग बायका एका हाताने कापूस लोटायच्या आणि दुसऱ्याने ज्वारीच्या कण्यांचा सुपारीएवढा गोळा गालात सरकवायच्या. तसेच गोळे तिने विवेकला सरावासाठी बांधून दिले होते. आज तेच उलटले.

दुसरी कोणी रुसली असती. आनंदाबाई सरसावून बसली.

"कवा आलं? गोड आलं का आंबट? तूप तरंगत होतं का वरतं?"

"आजी, मी ते पाह्यत नाई बसलो."

"पाहाले पाह्यजे होतं ना." मग तिने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "आमच्या गोळ्यात कुठचं आलं तूप? होतंच कोणाजवळ? तुह्या लाडापायी टाकलं म्या. आन् तीळबी."

रविवारी नुसत्या कण्या, मऊ शिजवलेल्या. मीठ आणि गूळ. विवेकने सायकलवर गिरड गावापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. त्याची बायको मयुरी स्कूटर चालवत होती आणि मागे बसलेली आनंदाबाई अर्ध्या-अर्ध्या तासाने एकेक गोळा त्याच्या हातात देत होती. एक स्वतःही खात होती, पोटात काय होतं ते कळावं म्हणून.

"आजी, तुमचंबी नाव टाकू का?" मयुरी म्हणाली.

"तू समोर पाह्य."

चौथा तास गेला, पाचवा गेला. सायकल ठेवून विवेक तासभर पळाला. पोट गप्प.

अंगणात येऊन त्याने मोबाईल काढला आणि तिथेच फॉर्म भरला. मयुरी हसत होती. आनंदाबाई मात्र अजून विचारातच होती.

"सायकलवर जमलं, पळताना जमलं," ती म्हणाली. "आता मले सांग बावा, पोहताना माणूस तोंड कवा उघडते?"