डिफिकल्टी लिहा, मामा

कडुबा मगरे बारावीला दोनदा नापास झाला. दोन्ही वेळा इंग्रजीत, आणि दोन्ही वेळा चार-पाच मार्कांनी. तिसऱ्यांदा फॉर्म भरण्याऐवजी त्यानं सोयगावकडचं गाव सोडलं आणि चितेगावच्या एका रबराच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. ज्या विषयानं पाडलं त्याचं लोक तोंड बघत नाहीत. कडुबा मात्र त्याच विषयाच्या हात धुऊन मागं लागला. अडतीस वर्षांत हेल्परचा ऑपरेटर झाला, ऑपरेटरचा शिफ्टचा सुपरवायझर झाला, पण इंग्रजीचा नाद काही सुटला नाही.

भीमजयंतीला पुस्तकांच्या स्टॉलवर घरातल्या प्रत्येकानं एक पुस्तक घ्यायचं, हा त्यांच्या घरचा शिरस्ता. कडुबा दरवेळी शब्दकोश उचलायचा. सातवा आणला तेव्हा त्याची बायको सत्यभामा वैतागली.

"अहो, सगळ्यांत शब्द तेच असतील ना?"

"शब्द तेच. समजून सांगायची तऱ्हा येगळी."

यात त्याचं काही चुकत नव्हतं, हे मात्र मान्य करायला हवं.

अडचणीच्या शब्दांशी त्याची विशेष सलगी होती, कारण त्याचं कामच अडचणींचं. शिफ्ट बदलताना जाणाऱ्यानं रजिस्टरमध्ये मशीनची हालहवाल इंग्रजीत लिहायची आणि येणाऱ्यानं ती वाचून सही करायची. बाकीचे डोळे मिटून 'प्रॉब्लेम' लिहीत. कडुबाला ते पटत नसे. चहाच्या टपरीवर तो हे समजावून सांगे, आणि ऑपरेटर पोरी त्याला मुद्दाम बोलतं करत.

"पैठण रोडनं वाऱ्याच्या तोंडाला सायकल हाणायची, ही डिफिकल्टी. काय करायचं ते ठावं असतं, नुसता दम लागतो. चेन तुटली की प्रॉब्लेम. उतरावं लागतं, बघावं लागतं, उपाय काढावा लागतो. आन् सायकल आपोआप चालाया लागली, कशानं ते कुणालाच कळंना, तर ती मिस्ट्री."

"आन् पझल, मामा?" तनुजा विचारायची. चार नंबरच्या प्रेसवर रबर दाबणारी ही पोरगी जिभेनं तिखट, हातानं चपळ.

"पझल पेपरात येतं. कुणीतरी बसून घातलेलं असतं, उत्तर त्याच्यापाशी असतं."

"मग ट्रबल?"

"ट्रबल म्हंजे तू. गप चहा पी."

सगळं सुरळीत चाललं होतं. मग गेल्या वर्षी ऑफिसनं एक नियम काढला. रजिस्टरमध्ये 'प्रॉब्लेम' आला की सुपरवायझरनं तीन पानी फॉर्म भरायचा आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्या शिफ्टपुढं लाल टिकली लागायची, एरवी हिरवी. हेतू चांगला असेल. पण माणसं काय करतील, याचा विचार खुर्चीत बसून कोण करतो? आठवड्याभरात रजिस्टरमधून 'प्रॉब्लेम' हद्दपार झाला. जो तो 'मायनर डिफिकल्टी' लिहू लागला. तक्ता हिरवागार झाला. ऑफिसला वाटलं, कारखाना सुधारला. गुलमंडीतून पेढे मागवून वाटले.

कडुबानंही पेढा खाल्ला, आणि त्यानंही 'मायनर डिफिकल्टी' लिहिलं. उगाच त्याला साधू करण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीत तो रिटायर होणार होता. दोन वर्षं वाढवून मिळणार, असं मॅनेजरनं तोंडी सांगितलं होतं, शिफ्टचा तक्ता हिरवा राहिला तर. मुलगी निशा बी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती. ती दोन वर्षं त्याला हवी होती, अगदी मोजून हवी होती.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी तो दुपारी तीनची शिफ्ट घ्यायला आला. सकाळच्या शिफ्टचा सुपरवायझर सोमनाथ हेल्मेट घालून निघायच्या बेतात होता. रजिस्टरमध्ये ओळ होती: प्रेस नंबर चार, जाळीत मायनर डिफिकल्टी, चालू आहे.

"सोमनाथ, जाळीत डिफिकल्टी म्हंजे काय रं?"

"काय नाय ओ मामा. जाळी उघडी असताना वरची प्लेट खाली आली. एकदाच. मग मी चाळीस डाव बघितलं, नाय आली."

कडुबाचा पेन हातातच राहिला. या प्रेसमध्ये रबराचे तुकडे हातानं मांडावे लागतात. पुढची लोखंडी जाळी उघडली की एक स्विच करंट तोडतो आणि बटणाला धक्का लागला तरी वरची तापलेली प्लेट जागची हलत नाही. म्हणून तर माणूस बिनघोर आत हात घालतो.

"कशानं आली?"

"काय माहीत! मामा, उद्या बाहेरचे ऑडिटवाले येणार हायती. तुमचं मुदतवाढीचं पत्र साहेबांच्या टेबलावर हाय, मी सोता पाह्यलं. डिफिकल्टी लिहा अन् सही करा."

समोर तनुजा हातमोजे चढवत होती.

कडुबा उठला आणि चार नंबरचं बटण बंद केलं.

"मामा, हे काय? माझं टार्गेट बुडंल ना!"

"बुडू दे. तिकडं बस."

मग त्यानं रजिस्टर ओढलं आणि सोमनाथची ओळ तशीच ठेवून खाली लिहिलं: प्रॉब्लेम. कारण माहीत नाही. मिस्ट्री. प्रेस बंद केली.

मेंटेनन्सचा इंजिनिअर ऋतुराज धावत आला. वय सव्वीस, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे ठाऊक असलेला. ओळ वाचून हसला.

"मामा, मिस्ट्री? भूत आहे का मशीनमध्ये? पझल म्हणा, सोडवून टाकतो."

"सर, पझलचं उत्तर घालणाऱ्यापाशी असतं. ह्याचं कुणापाशी हाय?"

ऋतुराजनं प्रेस चालू करून, जाळी उघडून वीस वेळा प्लेटचं बटण दाबलं. प्लेट हलली नाही. आणखी वीस वेळा. नाही. "झालं समाधान?" तो म्हणाला. कडुबाला शंका आली. आपण उगाच तर नाही ना आपल्या पत्रावर पाणी ओतलं? तरी तो म्हणाला, "एक खोकं आत ठेवा सर. आन् प्रेस तापू द्या. सोमनाथची दिवसभर तापलेली व्हती."

तास गेला. जाळी उघडीच होती, माणसं चार हात लांब. ऋतुराज कंटाळून मोबाइल बघत बघत बटण दाबत होता. आणि प्लेट खाली आली. आवाजही फार झाला नाही. पुठ्ठ्याचं खोकं पापडासारखं चपटं झालं आणि कडेनं धुरकटलं. तनुजा बघत राहिली. मग तिनं हातमोजे काढून दोन्ही हात काखेत धरले.

ऋतुराजचा चेहरा उतरला होता, पण त्यानं लगेच स्विच खोलला. आत वितळलेल्या रबराचा पातळ पापुद्रा साचला होता. तापला की चिकटायचा, आणि स्विचला जाळी बंदच वाटायची. रात्री नऊपर्यंत नवा स्विच बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅनेजरनं कडुबाला बोलावलं. टेबलावर रजिस्टर होतं, आणि शेजारी सही झालेलं पत्र.

"कडुबा, काम चांगलं केलंस. आता मशीन दुरुस्त आहे, कुणाला काही झालं नाही. ती ओळ तेवढी डिफिकल्टी कर. अकराला ऑडिट आहे."

कडुबानं पत्राकडं पाहिलं. डायलेमा हा शब्द त्यानं सातही कोशांत वाचला होता, इकडं आड तिकडं विहीर असा अर्थ पोरींना समजावलाही होता. पण आडाच्या काठावर उभं राहिलं की खाली किती खोल दिसतं, ते कुठल्या कोशात लिहिलेलं नसतं. निशाची फी, सत्यभामाचे गुडघे, सगळं डोळ्यांपुढून गेलं. वाटलं, खरंच तर आहे, मशीन दुरुस्त झालं. एका शब्दानं काय होतं?

"साहेब," तो म्हणाला, "तसलाच स्विच आणखी तीन प्रेसला हाय. डिफिकल्टी लिवलं तर ते कोण खोलंल?"

"ते बघू नंतर."

"मग ती ओळ पण नंतरच बदलू."

मॅनेजरनं पत्र उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाला, "जा तू."

कडुबा खाली उतरला तर एक, दोन आणि तीन नंबरच्या प्रेस बंद होत्या. ऋतुराज जमिनीवर उकिडवा बसून दोन नंबरचा स्विच खोलत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आतला पापुद्रा त्यानं नखानं सोलून कडुबापुढं धरला.

"याच्यात पण आहे, मामा. रजिस्टर आणा, मी लिहितो."

त्या दिवशी तक्त्यावर कालची धरून चार लाल टिकल्या झाल्या. त्यातल्या तीन ऋतुराजच्या सहीनं. ऑडिटवाल्यांनी दोन प्रश्न विचारले, फोटो काढले आणि जेवून गेले.

संध्याकाळी कडुबानं सत्यभामाला सगळं सांगितलं. तिनं निवडायची भाजी बाजूला सारली.

"म्हंजे पत्र येणार नाय."

"नाय बहुतेक."

"निशाला मी सांगते. तुम्ही सांगायला गेला तर शब्दकोश काढून बसाल."

पत्र खरंच आलं नाही. फेब्रुवारीत हार-नारळ देऊन त्याला निरोप दिला, आणि मार्चपासून वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात तो कमी पगारावर जायला लागला. तिथली बस पहाटे साडेपाचला सुटते. चार नंबरवर अजून तनुजाच आहे.