जगभराचे हक्क

लातूरच्या एका दैनिकात आतल्या पानावर बातमी आली, की लातूरच्या प्राध्यापिकेनं केलेला माहितीपट युरोपात विकला गेला. बातमी मीच दिली होती. फोटोही मीच पाठवला होता. माझ्या माहितीपटातली बाई त्यात केळीच्या फण्या पाण्यातून काढून क्रेटमध्ये लावत होती. तिचा चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता.

दुपारपर्यंत मी अभिनंदनाचे फोन घेत होते. स्टाफरूममध्ये कुणीतरी पेढे आणले. तीनच्या सुमाराला अनोळखी नंबर आला.

"मॅडम, अभिनंदन. पेपरात वाचलं."

"धन्यवाद."

"ती फोटोतली बाई कुठली हाय हो?"

आवाज शांत होता, अदबीचा. मी विचारलं, "का बरं?"

"वळखीची वाटायलीय."

माझ्या तोंडून खोटंच निघून गेलं, "ती परभणीकडची आहे."

"अस्सं," तो म्हणाला. "केळी तर अर्धापूरची दिसतेत." आणि त्यानं फोन ठेवला.

तो कोण हे त्यानं सांगितलं नाही, पण मला अंदाज आला. ही बाई आठ वर्षांपूर्वी शिरूर अनंतपाळकडच्या एका गावातून, सासरच्या घरातून निघून आली होती, दोन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन. नवऱ्यानं तिचा हात दोनदा मोडला होता. अर्धापूरला केळीच्या गोदामात तिला काम मिळालं. तिथं तिनं दुसरंच नाव सांगितलं आणि त्याच नावानं राहिली. हे सगळं ती कॅमेऱ्यासमोर बोलली, कारण मी विचारलं. बोलायच्या आधी तिनं मला एकच गोष्ट विचारली होती.

"ताई, इकडचं कुणी बघंल का हे?"

"नाही गं. हे बाहेरच्या देशांतल्या लोकांसाठी आहे."

मी खोटं बोलत नव्हते. मला तसंच वाटत होतं. फिल्मच्या संकलनासाठी परदेशातल्या एका संस्थेनं मदत दिली होती आणि त्यांना फिल्ममध्ये दिसणाऱ्या प्रत्येकाचं संमतीपत्र हवं होतं. ते इंग्रजीत होतं. मी तिला म्हणाले, "तू पिक्चरमध्ये यायला तयार आहेस, एवढंच लिहिलंय." तिनं एकेक अक्षर जपून काढत सही केली. सही मात्र खऱ्या नावाची केली. कागदावर काय होतं ते मी वाचलेलं होतं: जगभरात, कायमसाठी, आज असलेल्या आणि पुढे निघतील त्या सगळ्या माध्यमांत. वकिलांची भाषा अशीच असते, असं म्हणून मी पान उलटलं होतं.

पुढे एका महोत्सवात फिल्म दाखवली गेली आणि तिथं एक वितरक बाई भेटली. छोटे माहितीपट देशोदेशीच्या वाहिन्यांना विकणं हाच तिचा धंदा. तिनं जगभराचे हक्क घेतले, तीन वाहिन्यांशी सौदे केले आणि ट्रेलर इंटरनेटवर टाकला. माझी बावीस मिनिटांची फिल्म कुणीतरी विकत घेतंय, याच आनंदात मी होते.

त्या फोननंतर मी तिला लगेच फोन लावला. बंद. रात्रीपर्यंत बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला कळवलं आणि नांदेडची एसटी धरली. अहमदपूर गेल्यावर तोच नंबर परत वाजला. मी उचलला नाही. पलीकडच्या बाकावर पांढऱ्या टोपीचा एक माणूस माझ्याकडे बघत होता. लोह्याला तो उतरला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी पर्स पोटाशी घट्ट धरून बसले होते.

अर्धापूरला गोदामाच्या मुकादमानं मला ओळखलं. "ती दोन दिस झाले आली न्हाई," तो म्हणाला. "तुमचं ते पिक्चर मोबाईलवर आलं ना, मीच दाखवलं तिला. लई झ्याक दिसती म्हणलं. तर ती खालीच बसली."

"तिला विचारत कुणी आलं होतं का?"

"काल सांजच्याला एक जण आलता. पावणा हाय म्हणला."

मी तिच्या खोलीवर गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पोरीकडं बिलोलीला गेली असंल. मुलगी तिथं निवासी शाळेत होती. मी तशीच नांदेडच्या बसस्टँडवर आले. बिलोलीची गाडी फलाटाला लागलेली होती, कंडक्टर हाका मारत होता. चढण्यासाठी मी दांडीला हात घातला आणि थांबले. माझा नंबर त्या माणसाकडे होता. माझं नाव, गाव पेपरात आलं होतं. तो माझ्यामागं असेल तर? मी मागं वळून स्टँडवरचे चेहरे बघू लागले. त्या गर्दीत कुणाला ओळखणार होते मी? त्याला मी कधी पाहिलंच नव्हतं. गाडी निघून गेली.

तासाभरानं तिचाच फोन आला, बिलोलीतल्या तिच्या मावशीच्या फोनवरून.

"ताई, कुठं हाव?"

"नांदेडला. तुझ्याकडे येत होते."

"येऊ नगा. तुमी आल्या की तुमच्यामागं समदे येतेत."

ती चिडली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणाले, पोलिसांत जाऊ. ती म्हणाली, "मागं एकदा गेलते. त्यायनीच मला परत घरी न्हेऊन सोडलं."

त्याच संध्याकाळी नांदेडच्या चुलतबहिणीच्या घरून मी वितरक बाईला व्हिडिओ कॉल केला. सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, "पण तुम्ही लिहून दिलंय, की फिल्ममधल्या प्रत्येकानं समजून-उमजून संमती दिली आहे. त्या भरवशावर मी पुढे वाहिन्यांना लिहून दिलंय."

"तिला समजावून सांगितलं नव्हतं. मीच."

तिनं समोरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं. मग म्हणाली, ट्रेलर आत्ता काढते. बाकीच्यासाठी त्या बाईचं स्वतःचं म्हणणं पाठवा, तिच्या भाषेत चालेल.

मी मावशीच्या फोनवर निरोप दिला. तिचा आवाज रेकॉर्ड होऊन आला, पाऊण मिनिटाचा. "माझं तोंड कुठंच दाखवू नगा. मी आधी हाव म्हणले, आता न्हाई म्हणते." खाली भाषांतर लिहून मी तो पाठवला. दोन वाहिन्यांनी फिल्म परत केली. तिसऱ्या वाहिनीवर ती आठवडाभर आधीच दाखवून झाली होती. ते परत घेता येत नाही, असं वितरक बाईनं सरळ लिहिलं. लोकांनी करून ठेवलेल्या ट्रेलरच्या नकला अजून कुठं कुठं आहेत, हे तिलाही माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. जाळीच्या दारापलीकडे चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. आवाजावरून लगेच ओळखलं.

"पाणी मिळंल का?"

मी जाळी उघडली नाही. जाळीतल्या छोट्या झडपेतून तांब्या दिला. तो पायरीवर बसला, पाणी प्यायला.

"पोरगी केवढी झाली असंल आता?"

मी जाळीची कडी पुन्हा तपासली.

"पिक्चर दाखवा की मला. माझीच बायको हाय."

"ते आता कुठंच दिसत नाही. बंद केलंय."

"कुणी बंद करायला लावलं? तिनं?" तो पहिल्यांदाच हसला. "म्हंजी बोलणं हाय तुमचं तिच्यासंगं."

मी वरच्या मजल्यावरच्या काका-काकूंना मोठ्यानं हाक मारली. ते दोघं जिन्यात येऊन उभे राहिले, तसा तो उठला. तांब्या नीट पायरीवर ठेवून, नमस्कार करून गेला.

मी तिला सगळं कळवलं. तिनं फक्त विचारलं, "एकटाच व्हता?"

"हो."

"मंग दिराला गोदामावर नजर ठेवाया धाडलं असंल त्यानं."

दुसऱ्या दिवसापासून मावशीचा फोनही बंद झाला.

विक्रीतून आलेल्या पैशातला तिचा वाटा माझ्याकडे तसाच होता. दोनेक महिन्यांनी मुलीच्या नावानं तो पाठवावा म्हणून मी बिलोलीच्या त्या शाळेत फोन केला. कारकून म्हणाला, मुलीचा दाखला आईनं कधीच नेला.

"कुठल्या शाळेसाठी नेला ते रजिस्टरात हाय," तो सहज म्हणाला. "बघून सांगू का?"

त्यानं पान उलटल्याचा आवाज मला ऐकू आला.

"नको," मी म्हणाले. "मला सांगू नका. आणि कुणालाच सांगू नका."