मी शेवटच्या गीताचा नंबर सांगितला तो रविवार

बाळांनो,

तुमच्या आईने आमच्या चर्चचा व्हिडिओ तुम्हाला पाठवला आणि धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, तुमच्याकडे रिव्हायव्हल झालं ना, सगळे देवासमोर रडले ना? तू पण रडलीस?" मी "नेट जातंय गं" म्हणून फोन ठेवला. नेट चांगलं होतं. तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून लिहायला बसले. व्हिडिओत वर केलेले हात आहेत, गाणं आहे. मी काय केलं ते त्यात नाही.

देहूरोडला आमच्या चर्चची इमारत एक आणि मंडळ्या दोन. आठ ते साडेनऊ आम्ही मराठी, पुढे तमिळ. मी आमच्या मंडळीची सेक्रेटरी. शाळेत इंग्रजी शिकवायचे म्हणून सगळे अजून 'बाई' म्हणतात. उपासनेचा क्रम मी टाइप करते, सूचना मी वाचते आणि नऊ पंचवीसला गीतपुस्तकातल्या शेवटच्या गीताचा नंबर मीच सांगते. तमिळ मंडळीला एकदाही ताटकळत ठेवलं नाही, याचा मला अभिमान होता.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या संध्याकाळच्या सभांना गर्दी वाढत होती. लोक मोठ्याने प्रार्थना करू लागले होते. मला त्या आवाजाचा जरा त्रासच व्हायचा. त्या रविवारी मात्र आवाज नव्हता. पाळकसाहेब उपदेशात देवाच्या पावित्र्यावर बोलता बोलता थांबले. कागद मिटून नुसते उभे राहिले. मला वाटलं, ओळ चुकली. "आपण इथे कोणासमोर येऊन बसतो," ते हळू म्हणाले, "हे मलाच आज कळतंय."



मधल्या बाकावरून एक जण उठला. चाकणच्या एका कारखान्यात तो सुटे भाग तपासतो. रात्रपाळी करून तसाच आला होता, अंगात कंपनीचा शर्ट. म्हणाला, "मी ब्रेकचे भाग न बघताच ओके लिहितो. टार्गेट गाठायला. दोन वर्षं झाली. आणि आता मला..."

माझी नजर घड्याळावर गेली. बाहेर पायऱ्यांवर तमिळ मुलं जमली होती. मी उभी राहिले आणि गीताचा नंबर सांगितला. पेटीवाल्याने सवयीने सूर धरला, सगळे सवयीने उभे राहिले. तो तेवढा खाली बसला.

बाहेर तमिळ मंडळीचे एक वडीलधारे दाराशीच उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "अम्मा, बंद क्यों किया? हम लोग खड़ा रहता ना. बच्चा लोग तो खेल ही रहा था."

पुढचे तीन रविवार तो कारखान्यातला आला नाही. घरी मी एकच कपाट तीनदा आवरलं. प्रार्थनेला बसले की उठावंसं वाटे. उपासनेतली छापलेली पापकबुली मला पाठ आहे. ती म्हणताना जीभ चालायची, आणि मी कुठे असायचे कोण जाणे. शेवटी भोसरीला बस बदलून चाकणला त्याच्या खोलीवर गेले.

दार बायकोने उघडलं. "या बाई. आज घड्याळ घरी ठेवून आलात वाटतं?"

"अगं, आधी बसू तरी दे त्यांना," तो आतून म्हणाला.

मी बसले नाही. विचारलं, "त्या दिवशी पुढे काय सांगायचं होतं?"

तो म्हणाला, "सोमवारी साहेबांना जाऊन सांगणार होतो. तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना करावी, एवढंच म्हणायचं होतं. मग धीरच गेला."

"म्हणजे अजून...?"

"कालही न बघताच केल्या सह्या."

ते ब्रेक कुठल्या गाड्यांना लागत असतील, त्या गाड्यांत कोण बसत असेल? मी त्या दोघांची माफी मागितली. म्हटलं, देव समोर असताना मी पायऱ्यांवरची मुलं पाहत बसले. बायकोने मान फिरवली, पण चहा ठेवला.

पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी मी हेच मंडळीसमोर सांगितलं. तो आला होता. उठून त्याने राहिलेलं वाक्य पुरं केलं, आणि सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. सोमवारी तो साहेबांकडे गेला. कंपनीने त्या भागांची पुन्हा तपासणी लावली आणि त्याला तपासणीवरून काढून मालाच्या स्टोअरला टाकलं. ओव्हरटाइम गेला. बायको माझ्याशी अजून मोजकंच बोलते.

आता सभांची गर्दी ओसरली आहे. वर जाणारे हातही कमी झालेत. माझी अस्वस्थता गेलेली नाही. उपदेश संपला की अजून पाय उठायला बघतात. पण उपदेशानंतर आमच्या मंडळीत कोणी लगेच गीत सांगत नाही. कोणाला काही बोलायचं असेल म्हणून आम्ही थांबतो. बहुतेक रविवारी कोणीच उठत नाही. तरी थांबतो.