जातो की येतो

माझा पहिला आणि शेवटचा अल्बम कोळीगीतांचा, आणि मी कोळी नव्हे. वडील कोकणातून गिरणीत आलेले, मी बोरीवलीच्या सोसायटीत वाढलेला. समुद्राशी माझा संबंध ताटातल्या बांगड्यापुरता. तरी सगळी गाणी मीच लिहिली, चाली मीच लावल्या, गाणारही मीच. शीर्षकगीताचा मुखडा होता, 'जातो गं जातो, दर्यावर जातो, वल्ह्याच्या तालावर गाणं मी गातो.' हे यमक सुचलं तेव्हा मी स्वतःलाच झकास म्हणून घेतलं होतं.

अंधेरीच्या स्टुडिओत तेवढंच एक गाणं उरलं होतं. कोरसला खारदांड्याच्या कोळणी, मासळी विकून थेट आलेल्या. आधीची गाणी त्यांनी अशी उचलली की त्यात माझा आवाज शोधावा लागत होता. आता मात्र ढोलकी सुरू झाली, मी 'जातो' म्हटलं आणि मागे शांतता. पुन्हा घेतलं, तेच. मला वाटलं, माइक गेला.

त्यांच्यातली थोरली म्हणाली, "दादा, ह्यो शबुद आमी नाय बोलनार. माजा पोरगा दर्यावर हाय."

मी समजावू लागलो की हे काव्य आहे, जाणारा नायक आहे, तुमचा मुलगा नव्हे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"घरातून निघताना आयेला काय बोलतो तू?"

"येतो."

"मंग?"

काचेपलीकडे कॅसेट कंपनीचे शेठ हातवारे करत होते. कव्हरं छापून आली होती: मी वल्हं उलटं धरून उभा, वर ठळक अक्षरांत 'जातो गं दर्यावर'. शब्द बदलायचा नाही, असं त्यांनी बजावलं. शेवटी ठरलं, मी एकट्याने 'जातो' म्हणायचं, बायकांनी नुसतं 'हैय्या हो'.

ढोलकी वाजली. समोर ती थोरली डोळे मिटून, हात जोडून उभी. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, 'येतो गं येतो'. बायकांनी ते असं उचलून धरलं की थांबवणं कुणाच्या हातात उरलं नाही. ढोलकीवाल्याला दुसरं रेकॉर्डिंग गाठायचं होतं. तोच टेक राहिला. यमकाची वाट लागली, अर्थाचीही. हा गडी दर्यावर 'येतो' तो कुठून, देव जाणे. कव्हरवरचं गाणं कॅसेटमध्ये नाही, म्हणून गिऱ्हाइकं भांडली आणि दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले.

पोरगा सुखरूप आला. पुढे मी खारदांड्याला गेलो, तेव्हा तिने त्या धिप्पाड गड्याला माझ्यापुढे उभं केलं. "ह्यो बग, ह्यानंच गायलं." माझ्याकडे कॅसेटींना तोटा नव्हता, एक त्याला दिली. त्याने कव्हर वाचलं, आईकडे पाहिलं. तिला अक्षरओळख नव्हती. मग कव्हर काढलं, कॅसेट खिशात घातली आणि कव्हर तेवढं माझ्या हातात परत ठेवलं.