हौशीराममामांची खूण

लोणावळ्याच्या त्या कॉलेजात प्राचार्य किती आले नि किती गेले, ते सांगायला ऑफिसातल्या लोकांनाही बोटं मोजावी लागतील. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र एकतीस वर्षं एकच माणूस आहे, मदतनीस हौशीराममामा. रोज सकाळी कार्ल्याहून सायकलनं मळवली स्टेशनला यायचं, लोकल पकडायची, साडेसातला कुलूप काढायचं आणि खिडक्या उघडून आत कोंडलेला वास बाहेर घालवायचा. शिक्षण म्हणाल तर नववी. पण बाटलीचं बूच काढून नुसतं आत बघितलं तरी आत काय आहे ते सांगत. निळं म्हणजे तांब्याचं नि गुलाबी म्हणजे कोबाल्टचं, एवढं कुणीही सांगेल. मामा पांढऱ्या-पांढऱ्यातला फरक सांगायचे.

मामांचं नाव झालं ते मात्र बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेमुळे. त्या परीक्षेत प्रत्येकाला एक क्षार ओळखायचा असतो. घाम फुटलेलं पोर परीक्षानळी धरून उभं असायचं आणि मामा फडक्यानं टेबल पुसत पुसत तिथून जायचे. तोंडातून चकार शब्द नाही. रॅकवरची एक बाटली उचलून पोरासमोर ठेवायची, बस. क्षार जो असेल त्याची शेवटची खात्री ज्या रसायनानं होते, तीच बाटली. पोरांनी काय ते समजून घ्यायचं. ही खूण एका वर्षाची पोरं पुढच्या वर्षीच्या पोरांना सांगून जायची, आणि बाहेरून आलेले परीक्षक नेमके तेव्हाच खिडकीबाहेरचा डोंगर बघायचे. मामांना यात काही वावगं वाटत नव्हतं. लावणीला शेजाऱ्याच्या खाचरात हात लावावा, तसा त्यांनी पोरांना हात दिला. एकतीस वर्षांत त्यांच्या बाटलीवर शंका घेणारं पोर भेटलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना मनातून भारी अभिमान होता.

मग समीक्षा आली. बेडशाची पोर, वडील पवन टेम्पो चालवतात. होती बारावीतच. पण त्या वर्षी रसायनच्या रेणुका मॅडमनी प्राचार्यांच्या मागे लागून एक गोष्ट पदरात पाडून घेतली होती. बारावीत असतानाच पदवीच्या पहिल्या वर्षाचा रसायनचा एक विषय घ्यायचा, मोठ्या मुलांबरोबरच परीक्षा द्यायची, पास झालं की त्याची क्रेडिट्स नावावर जमा. पुढं पदवीला गेल्यावर तो विषय पुन्हा करायला नको. नोटीस महिनाभर फळ्यावर होती. नाव दिलं एकटीनं. प्राचार्य म्हणाले, "ही पास झाली तर पुढच्या वर्षी आणखी मुलं घेऊ. नापास झाली तर हा विषय माझ्यापुढं पुन्हा काढायचा नाही." म्हणजे एका सतरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर मागून येणाऱ्या सगळ्यांचं ओझं. मोठ्या माणसांना अशा अटी घालायला काय जातंय!

मामांना हे प्रकरण आधी कळेचना. "आजून बारावी झाली न्हाई अन् तेरावीला बसली व्हय गं?"

"बसले, मामा. एकाच विषयाला."

"अन् झेपंल?"

"बघू की."

दुपारी बारावीचे तास संपले की ती प्रयोगशाळेत यायची आणि संध्याकाळच्या लोकलपर्यंत थांबायची. कामशेतला उतरून पुढं घरी. बारावीला एकच क्षार असतो. इथं दोन क्षार एकत्र कालवलेले, आणि एकाचा रंग दुसऱ्याला झाकणार. मामा सिंकपाशी नळ्या धूत तिच्याकडे बघत राहायचे. सगळी पोरं उत्तराच्या मागे धावत आलेली त्यांनी बघितली होती. ही निराळीच होती. एकदा उत्तर बरोबर आलं तरी तिनं सगळं ओतून दिलं आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली.

"आलं हुतं की गं बरोबर!" मामा कळवळून म्हणाले.

"आलं, पण कशामुळं आलं ते कळंना."

त्या दिवशी घरी भाकरी मोडताना मामांनी बायकोला, शकुबाईला, हे सांगितलं. "लय पोरं बघितली म्या. ही उत्तर मागतच न्हाई. नळीलाच इचारत बसतीया, तू कोन म्हनून." शकुबाईनं भाजी वाढली आणि विचारलं, "मग सांगती का नळी?" मामा म्हणाले, "तिला सांगती." 

परीक्षा डिसेंबरात झाली. मोठी बावीस मुलं आणि त्यांच्यात कोपऱ्यातल्या टेबलाशी समीक्षा. परीक्षक म्हणून आलेल्या पुण्याच्या बाई कडक होत्या. क्षारांची मिश्रणं त्यांनी स्वतः करून, पुड्या बांधून आणली होती. मामांचं काम एवढंच, पुड्या नंबरांच्या छोट्या बाटल्यांत ओतायच्या. सतरा नंबर समीक्षाचा होता. मामांनी तो ओतताना उजेडात धरून नीट बघितला. पांढऱ्यात पांढरं. एक नवसागर, म्हणजे अमोनियमचा क्षार, तो त्यांनी लगेच ओळखला. दुसरा? बेरियम. दुसरं असणार काय?

इथंच घोटाळा झाला. बेरियमच्या शेजारी पूर्वी तशाच पांढऱ्या स्ट्रॉन्शियमची बाटली असायची. आठ वर्षांपूर्वी ती संपली, कुणी मागवली नाही, आणि फळीवरून गेलेली वस्तू हळूहळू मामांच्या डोक्यातूनही गेली. तसला पांढरा क्षार म्हणजे बेरियम, असं त्यांच्या डोळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

अकराच्या सुमारास मामा फडकं घेऊन कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेले. या पोरीला खूण करायची गरज नाही, हे त्यांना कळत होतं. पण प्राचार्यांची अट त्यांनी ऐकली होती, आणि जीव राहवेना. त्यांनी पोटॅशियम क्रोमेटची पिवळी बाटली तिच्यापुढं ठेवली. बेरियम असेल तर ह्याचे थेंब पडताच नळीत पिवळा साका बसतो.

समीक्षानं बाटलीकडं बघितलं, मामांकडं बघितलं आणि मान डोलावली. थेंब टाकले. मामा सिंकपाशी जाऊन बघू लागले. तिनं नळी उजेडात धरली, खाली ठेवली, परत धरली. मग ती ओतून, धुऊन, पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. घड्याळ पुढं सरकत होतं. बाकीची मुलं लिहायला बसली तरी ही उभीच. मामांना वाटलं, एवढी ताकदीची पोर, आणि आयत्या वेळी हात चुकतोय!

तेवढ्यात ती पिवळी बाटली दोन्ही हातांत धरून सरळ त्यांच्यापाशी आली.

"मामा, ही राहू द्या. मला अमोनियम सल्फेट द्या."

मोठ्यानं म्हणाली. पुण्याच्या बाईंनी मान वर केली. मामा तिच्याकडं झुकले. ते पुटपुटले, "पोरी, पुन्यांदा बघ."

"बघितलं मामा. दोनदा बघितलं."

मामांनी बाटली काढून दिली. अर्ध्या तासानं बाई तिच्या टेबलाशी आल्या. वहीवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "बेरियम का नाही?"

"क्रोमेट टाकलं तरी साका बसला नाही, मॅडम. दोनदा केलं. सल्फेट टाकल्यावर पांढरा साका आला. आणि ज्योत किरमिजी दिसली. बेरियमची पोपटी दिसली असती."

बाईंनी पर्समधली चिठ्ठी उघडून सतरा नंबर बघितला. "स्ट्रॉन्शियम आणि अमोनियम. दोन्ही बरोबर." मग त्या रेणुका मॅडमकडे वळल्या. "बारावीतली ना ही? तुमच्या प्राचार्यांना मी लिहूनच देते. पुढच्या वर्षी अशी आणखी बसवा." रेणुका मॅडमनी चष्मा काढून पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

परीक्षा आटोपली, बाई गेल्या. समीक्षा आपल्या नळ्या धूत होती. मामा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. लाज वाटत होती.

"म्या चुकीचं सांगितलं गं तुला."

"मला वाटलं, माझाच हात चुकला. तुमची बाटली चुकंल कशी? म्हनून तर दुसऱ्यांदा केलं."

"मंग तिसऱ्यांदा का न्हाई केलंस?"

तिनं नळी उपडी केली. "दोनदा तेच दिसलं, मामा."

मामा स्टुलावर बसले. एकतीस वर्षांची पोरं त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली, रांगेनं, पांढरे कोट घातलेली. त्यांच्या बाटलीकडं बघून उत्तर लिहिणारी, पैकीच्या पैकी गुण घेऊन घरी जाणारी. त्यांतल्या कितींनी बाटलीचं बूच तरी उघडलं असेल? मामांनी त्यांना हात दिला, हे खरं. पण बघायचं मात्र त्यांच्या वतीनं मामांनीच बघितलं होतं.

"तू काय बघितलंस ते दाव बरं मला," ते म्हणाले.

समीक्षानं बर्नर पेटवला. सतरा नंबरच्या बाटलीत चिमूटभर उरलं होतं, ते काचेच्या बशीत घेतलं आणि प्लॅटिनमची तार त्यांच्यापुढं धरली. "तुमीच धरा."

"मी? माजं काम धुवायचं हाय."

"धरा हो."

ती तार मामांनी हजारदा पुसून ठेवली होती. ज्योतीत धरली नव्हती एकदाही. समीक्षा सांगत गेली तसं त्यांनी केलं. तार ॲसिडात बुडवली, बशीतल्या चुऱ्याला टेकवली आणि निळ्या ज्योतीच्या कडेला नेली. ज्योत एकदम किरमिजी झाली. अख्खीच्या अख्खी. 

"काय आहे, मामा?" समीक्षानं विचारलं.

नाव जिभेवर आलं होतं. मामांनी ते गिळलं.

"थांब," ते म्हणाले. "पुन्यांदा बघू दे." आणि त्यांनी तार परत ॲसिडात बुडवली.